शेल्फ पिनचे होल: सेल्फ सेंटरिंग बिट वापरला तरी फळी डुगडुगते, काहून?

मनीषनगर_वर्कशॉप:
नमस्कार मंडळी, घरी पुस्तकांचं कपाट बनवून राहिलो. १८ एमएम प्लाय, आतून पांढरी सनमायका चिकटवून झाली, उंची ६ फूट, रुंदी ३ फूट, साइडचे पॅनल अजून जोडले नाही, सुटेच आहेत. फळ्या वरखाली करता याव्या म्हणून शेल्फ पिनच्या (फळी ज्यांवर टेकते त्या छोट्या खुंट्या) होलांच्या चार ओळी पाडायच्या आहेत. ५ एमएमचा सेल्फ सेंटरिंग बिट ऑनलाइन मागवला, तो स्प्रिंगवाला, बाहेर नळी आणि आत बिट, आणि ६ एमएम एमडीएफच्या पट्टीचं टेम्प्लेट (होल पाडायचा साचा) केलं, ३२-३२ एमएमवर होल. उरलेल्या तुकड्यांवर ट्रायल घेतली तर होल दिसायला मस्त पण पिना लावून फळी ठेवली की एका कोपऱ्यात डुगडुगते. शिवाय काही होलांच्या कडेला सनमायकाचे टवके उडाले. खऱ्या पॅनलला हात लावायच्या आधी विचारतो, बिट आपोआप सेंटर पकडतो म्हणतात ना, मग फरक येते कुठून? आणि टवके कसे थांबवायचे?

लकडगंजचा_सुतार:
भाऊ, पहिले फळीच तपासा. किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा, तिथंही डुगडुगली तर फळीलाच पीळ आहे, मग होलांच्या मागे लागून काही फायदा नाही. फळी उलटी करून पाहिली तरी पीळ तसाच राहते, त्यामुळे पालटून समजत नाही, सपाट जागाच पाहिजे.

फळी चांगली निघाली तर मग उंची. चार पिनांची उंची एक असली की काम झालं. पिन समोरच्या कडेपासून ३७ एमएमवर आली काय अन् ३९ वर आली काय, फळीला फरक पडत नाही, पण चारातली एक पिन एमएमभर वर गेली की फळी तीन पिनांवर बसते अन् एक कोपरा हवेत. लोक कडेपासूनचं अंतर मोजण्यात अर्धा दिवस घालवतात अन् उंची टेपनं अंदाजे धरतात, हे उलटं आहे.

कोणती पिन गडबड करून राहिली ते शोधायला एक सरळ पट्टी घ्या, पॅनलच्या खालच्या टोकापासून पिनच्या खालच्या अंगापर्यंत बरोबर बसेल एवढी कापा, अन् तीच पट्टी चारही पिनांखाली लावून पाहा. कुठं अडते, कुठं फट राहते ते हाताला लगेच कळते. टेपवर अर्धा एमएम डोळ्याला दिसत नाही, पट्टीला मात्र लपत नाही.

अन् एक सांगा, डाव्या पॅनलवरून उजव्या पॅनलवर जाताना टेम्प्लेट कसं फिरवता?

मनीषनगर_वर्कशॉप:
ओट्यावर फळी एकदम पक्की बसली काका, म्हणजे पीळ नाही. टेम्प्लेटला कडेला टेकवायची पट्टी एकाच अंगाला ठोकली आहे, त्यामुळे उजव्या पॅनलवर ते गोल फिरवून लावतो, म्हणजे डावीकडं जे टोक खाली होतं ते उजवीकडं वर जाते. दोन्ही टोकांपासून पहिला होल सारख्याच अंतरावर धरला होता.

लकडगंजचा_सुतार:
मग हेच आहे. धरला होता सारखा, पण पट्टी लावून पाहा, एखादा एमएम फरक निघतेच निघते. आमच्या कामात टेम्प्लेटच्या एका टोकावर मार्करनं ठळक "खाली" लिहितो अन् ते टोक कायम खालीच. उजव्या पॅनलसाठी टेम्प्लेट गोल फिरवायचं नाही, पुस्तकाचं पान उलटतो तसं पालटायचं, पाठ वर आली तरी खालचं टोक खालीच राहते. त्यासाठी टेकवायची पट्टी दोन्ही अंगांना पुढे आलेली पाहिजे, टेम्प्लेटच्या कडेला उभी मारा म्हणजे दोन्हीकडून टेकते. असं केलं की टेम्प्लेटमधला एखादा होल वाकडा असला तरी तो चारही ओळींत तितकाच वाकडा येते अन् फळी सपाटच बसते.

टेम्प्लेट ६ फुटाचं नसेल तर वर सरकवताना टेम्प्लेटचा पहिला होल शेवटच्या पाडलेल्या होलावर आणा, तोच सेल्फ सेंटरिंग बिट त्यातून घालून दाबा म्हणजे नळी टेम्प्लेटमधे अन् बिट होलात बसते, मग टेम्प्लेट आवळा अन् पुढं चला. फक्त चारही ओळी खालूनच सुरू करा. एक ओळ खालून अन् एक वरून असं करू नका.

३२एमएमवाला:
वरचं सगळं बरोबर आहे, त्यात बिटबद्दल थोडं. सेल्फ सेंटरिंग बिट टेम्प्लेटच्या होलाचं सेंटर पकडतो, पॅनलवरची योग्य जागा त्याला माहीत नसते, म्हणून टेम्प्लेट जितकं अचूक तितकेच होल अचूक. आतला बिट नळीत फिरतो आणि नळी टेम्प्लेटच्या होलात बसते, त्यामुळे टेम्प्लेटचा होल ५ एमएमचा नसतो, नळीच्या नाकाच्या मापाचा असतो, आणि फिरता बिट टेम्प्लेटला लागतच नाही, हाच याचा मोठा फायदा. साध्या बिटनं एमडीएफच्या टेम्प्लेटमधून होल मारत राहिलं की टेम्प्लेटचे होल हळूहळू मोठे होत जातात.

आता तुमचा बिट कोणता ते नीट बघा. बिजागरीसाठी जे मिळतात त्यांचं नाक निमुळतं असतं, कारण ते बिजागरीच्या काउंटरसिंक होलात (स्क्रूचं डोकं बसायची उतरती खाच) बसायला बनवलेत आणि आतला बिट सहसा २ ते ३.५ एमएमचा असतो. शेल्फ पिनवाल्याचं नाक सरळ नळीसारखं असतं. निमुळतं नाक पातळ एमडीएफच्या होलात ठेवलं तर फक्त वरच्या धारेवर टेकतं, ड्रिल जरा तिरपं धरलं की सेंटर सरकलं, आणि एमडीएफची धार दाबून दाबून बसते ती वेगळीच. सरळ नाक असेल तर होल इतका घट्ट हवा की नळी हातानं जाईल पण आत हलणार नाही. मी तर १० एमएम अ‍ॅक्रिलिक घेईन. नागपुरात बर्डीत नेमप्लेट आणि दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्यांकडं लेझर कटिंग होतं, बिट सोबत घेऊन जा आणि आधी तुकड्यावर दोन-तीन मापाचे होल कापून नळी बसवून पाहा, कारण लेझरचा होल वर आणि खाली किंचित वेगळ्या मापाचा येतो. एमडीएफच ठेवायचं असेल तर कूलरच्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात उघडं ठेवू नका, फुगतं.

खोलीचंही बघा. १८ प्लाय अधिक १ सनमायका, त्यात १० ते १२ एमएम होल पुरे. आतला बिट बारीक अ‍ॅलन स्क्रूनं (षटकोनी चावीनं फिरणाऱ्या) धरलेला असतो, तो सैल करून बिट पुढं-मागं होतो. नळी पूर्ण दाबल्यावर बिट तिच्या टोकाच्या पुढं किती येतो ते मोजा, आणि नळीचं टोक पॅनलपर्यंत पोचत नसेल तर मधली उरलेली जाडी त्यातून वजा करा. पहिला होल तुकड्यावरच मारा आणि पिन घालून पाहा. ड्रिलचा हॅमर मोड बंद आहे ना, ते एकदा खात्री करा, आणि षटकोनी दांडा क्विक-चेंज अडॅप्टरमध्ये न लावता सरळ चकमध्ये (ड्रिलच्या तोंडात) आवळा, अडॅप्टर डुलतो.

गृहसजावट_नागपूर:
टवक्यांबद्दल मी सांगते. या बिटच्या आत बहुतेक वेळा साधा ट्विस्ट बिट असतो, लोखंडाला वापरतात तसा, तो सनमायका कापण्याऐवजी उचलतो. मधे काटा आणि कडेला धार असलेला ब्रॅड पॉइंट बिट आधी गोल कापतो आणि मग आतलं काढतो, म्हणून कड स्वच्छ येते. तुमच्या नळीत ५ एमएमचा ब्रॅड पॉइंट बसत असेल तर तोच बदलून टाका, नसेल बसत तर ड्रिल पूर्ण स्पीडला आल्यावरच बिट सनमायकाला टेकवा आणि हळूहळू दाबा. लोक बिट टेकवून मग ट्रिगर दाबतात, पहिल्याच झटक्याला टवका निघतो. टेम्प्लेट क्लॅम्पनं घट्ट दाबून धरलं तर तेही कडेला थोडा आधार देतं. आणि दर चार-पाच होलांनंतर नळी दाबून आतला भुसा झटका नाहीतर स्प्रिंग अडकते, नळी नीट परत येत नाही आणि पुढच्या होलाचं सेंटर चुकतं. चष्मा घाला भाऊ, सनमायकाचे कण डोळ्यात फार वाईट जातात.

मनीषनगर_वर्कशॉप:
खूप आभार सगळ्यांचे. बिट पाहिला, नाक निमुळतंच आहे! ब्रॅड पॉइंट आणि पिना घ्यायला उद्या इतवारीत लोहाओळीला, हार्डवेअरच्या बाजारात, जातो. पिना घेताना काय पाहू? आणि ३ फुटाची फळी पुस्तकांचं वजन घेईल का?

लकडगंजचा_सुतार:
पिना ५ अन् ६ एमएम दोन्ही मिळतात, शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, म्हणून होल मारलेला तुकडा खिशात घेऊन जा अन् दुकानातच घालून पाहा. हातानं दाबून जावी, हलू नये. बाहेरून मागवलेले काही जिग (होल पाडायचे तयार साचे) पाव इंची असतात, म्हणजे ६.३५ एमएम, त्यात आपल्याकडची ६ ची पिनही सैल बसते, ते घेऊ नका. पुस्तकांना लोखंडी पिनच घ्या, प्लास्टिकची नको.

३ फूट मात्र जास्त होते भाऊ. १८ प्लायची फळी पुस्तकांनी भरली की मधून झुकते, पिना कितीही चांगल्या असो. मधे उभा पार्टिशन टाकून दीड-दीड फुटाचे दोन खण करा, पॅनल सुटे आहेत तोवर सोपं आहे. पार्टिशनला दोन्ही अंगांनी समोरासमोर होल येतील, तेव्हा ८ एमएमच्या वर जाऊ नका नाहीतर आरपार होईल, अन् एका बाजूची ओळ १६ एमएम मागं सरकवली तर होल एकमेकांना भेटतच नाहीत. मागंच सरकवा, वर नाही. पार्टिशन नकोच असेल तर फळीच्या समोरच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी उभी लावा, फेविकॉल अन् खिळे मारून, झुकणं पुष्कळ कमी होते. माझं विचाराल तर पार्टिशनच करा.