प्ले थेरपिस्ट व्हायचंय, पण कुठला कोर्स खरा?

अबोली२२: नमस्कार मंडळी. सायकॉलॉजीत एमए आहे, सहा वर्षं बालवाडीत शिकवतेय, आता प्ले थेरपीकडे, म्हणजे खेळातून मुलांवर मानसिक उपचार करण्याकडे, वळायचं डोक्यात आहे. पण सर्च केलं की कोर्सचा नुसता पाऊस पडतो, एक तर शनिवार-रविवारचा आहे, सोमवारी म्हणे तुम्ही सर्टिफाइड थेरपिस्ट! आणि सगळ्यांच्या खाली तो सोनेरी गोल शिक्का, 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त'. मान्यता दिली कोणी ते कुठेच नाही. ओळखायचं कसं? फी भरून फसायचं नाहीये.

वाळूचं_घर: उलट्या बाजूने सुरू करा. कोर्सची जाहिरात आधी बघूच नका, आधी ठरवा काम कुठल्या देशात करणार, मग तिथे थेरपिस्टचं रजिस्टर कोण ठेवतं ते शोधा आणि ते कुठलं ट्रेनिंग धरतात ते बघा. अमेरिकेत असोसिएशन फॉर प्ले थेरपी आहे, १९८२ पासून. त्यांचं आरपीटी (रजिस्टर्ड प्ले थेरपिस्ट) क्रेडेन्शियल हवं तर आधी मास्टर्स आणि मेंटल हेल्थचं लायसन्स, त्यावर प्ले थेरपीचं १५० तास शिक्षण, वर सुपरव्हिजनखाली, म्हणजे अनुभवी थेरपिस्टच्या देखरेखीखाली, मुलांबरोबर शेकडो तास. ब्रिटनमध्ये बीएपीटी (ब्रिटिश असोसिएशन ऑफ प्ले थेरपिस्ट्स) आणि पीटीयूके (प्ले थेरपी यूके) अशा दोन संस्था आहेत, दोघींच्या मान्य कोर्सच्या याद्या वेगळ्या. तुमच्या कोर्सचं नाव यादीत नसेल तर विषय संपला, शिक्का कितीही चमकू दे.

अजून एक गोम, 'सीपीडी (कंटिन्युइंग प्रोफेशनल डेव्हलपमेंट) अॅक्रेडिटेड' लिहिलं की लोक भुलतात. त्याचा अर्थ एवढाच की आधीच प्रॅक्टिस करणाऱ्यांना ते तास अपडेट राहण्यासाठी धरता येतात, त्याने कोणी नव्याने थेरपिस्ट होत नाही. आणि ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे पदनाम कायद्याने राखीव आहे, 'प्ले थेरपिस्ट' नाही, म्हणून तर एवढी दुकानं.

निमिष_के: मी फसलेलो आहे त्यामुळे बोलतो. पहिला कोर्स ऑनलाइन, बारा व्हिडिओ, शेवटी क्विझ, पीडीएफ हातात. अख्ख्या कोर्सात एक मूल भेटलं नाही. नंतर नीट कोर्स केला तेव्हा कळलं की खरं शिकणं सुपरव्हिजनमध्ये असतं. माझ्या पहिल्या सेशनचं रेकॉर्डिंग सुपरव्हायझर मॅडमनी विसाव्या सेकंदाला थांबवलं. मुलाने ठोकळा उचलून जमिनीवर सरकवला आणि मी खुशीत "अरे वा, गाडी!" मॅडम म्हणाल्या, गाडी कोण म्हणालं? तो की तू? त्याच्यासाठी तो साप असेल, आजोबा असतील, तू नाव दिलंस आणि त्याचा खेळ तुझा झाला. अर्धा तास त्या एका वाक्यावर गेला. हे बारा व्हिडिओत कोण सांगणार? म्हणून चौकशी करताना थेट विचारा, प्लेसमेंटचे (मुलांबरोबर प्रत्यक्ष सरावाचे) तास किती, सुपरव्हायझर कोण आणि तो स्वतः प्ले थेरपिस्ट आहे का, रेकॉर्डिंग बघतात का. काही ठिकाणी स्वतः थेरपी घेणंही सक्तीचं असतं, त्याचा खर्च फीमध्ये धरलेला नसतो हां.

रानजाई: थोडं वेगळं मत. वर्गातच काम चालू ठेवायचं असेल तर एवढा डोंगर चढायलाच हवा असं नाही. खेळातून मुलांशी जोडून घ्यायची स्किल्स शिकवणारे छोटे कोर्स चांगले असतात, फक्त त्यावर 'थेरपिस्ट' अशी पाटी लावू नका. मार खाल्लेलं किंवा आईबाप गमावलेलं मूल समोर आलं की छोट्या कोर्सवर भागत नाही, आणि आपल्या चुकीची किंमत मूल मोजतं.

अबोली२२: खूप आभार सगळ्यांचे. आज तीन ठिकाणी मेल टाकले, निमिषदादांचे प्रश्न जसेच्या तसे. एकांनी सुपरव्हायझरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर पाठवला, वर तुमचा मुलांसोबतचा अनुभव लिहून पाठवा म्हणाले. दुसरे गप्प. तिसऱ्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं, "डिअर मॅडम, डिस्काउंट फक्त आज रात्रीपर्यंत."

निमिष_के: 😂 हाच तो बारा व्हिडिओवाला बहुतेक.