अनुभव धागा : आईवडिलांचे कुलमुखत्यारपत्र करताना

मुठाकाठ
शेजारच्या एका गृहस्थांनी परवा विचारले की आईचे कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, करून ठेवले म्हणजे पुढची काळजी मिटते ना, आणि वडिलांच्या अखेरच्या वर्षांतील सगळी धावपळ डोळ्यांसमोर आली. वडिलांनी २०१३ साली सदनिका, बँक आणि गावाकडची जमीन यांच्या व्यवहारांसाठी माझ्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिले होते. दुय्यम निबंधकांसमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर, सह्या, अंगठे, छायाचित्रे, दोन साक्षीदार असे सगळे रीतसर झाले आणि काही वर्षे त्या कागदाने चोख काम दिले. पुढे वडिलांना स्मृतिभ्रंश जडला, तेव्हा आम्हा सर्वांची समजूत अशी की आता तो खरा उपयोगी पडणार. वकिलांनी शांतपणे सांगितले की भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती निवर्तली किंवा तिची सारासार विचार करण्याची शक्ती गेली, की मुखत्याराचा अधिकारही तेथेच संपतो.

वडिलांच्या औषधपाण्यासाठी त्यांच्याच मुदत ठेवी मोडायच्या होत्या. त्याकरिता आम्हाला संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मिळवावी लागली. न्यायालयाच्या आदेशाने सरकारी रुग्णालयाचे डॉक्टर घरी तपासणीस आले. त्यांनी वार विचारला, तेव्हा वडील म्हणाले, "तुम्हाला घाई दिसते, निदान चहा तरी घेऊन जा." त्यांचे आतिथ्य शाबूत होते, फक्त वार हरवला होता. बहिणींची संमतीपत्रे, मालमत्तेची यादी, खर्चाचा हिशेब हे सर्व दाखल केल्यानंतर आदेश मिळाला. आपणापैकी कोणी यातून गेले असल्यास अवश्य लिहावे.

निवृत्त_शाखाधिकारी
बँकेत हयात गेली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वडील जाऊन दहावाही झालेला नसतो आणि मुलगा मुखत्यारपत्र घेऊन खात्यातील रक्कम काढायला येतो. त्याच्या मनात काळेबेरे नसते, परंतु खातेदाराच्या मृत्यूबरोबर तो कागद निरुपयोगी झालेला असतो आणि अधिकाऱ्याने पैसे दिले तर इतर वारस त्यालाच जाब विचारतात. ज्यांना निव्वळ पेन्शन काढणे आणि बिले भरणे एवढीच अडचण आहे, त्यांनी "दोघांपैकी एक किंवा हयात" अशा पद्धतीचे संयुक्त खाते वेळीच करून घ्यावे. खातेदाराला सही करता येत नसेल तर हाताचा किंवा पायाचा अंगठा घेऊन पैसे देण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत आहे. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काउंटरवरच्या नव्या मुलांना हे ठाऊक नसल्यास व्यवस्थापकांना भेटावे.

सोनचाफा
मुठाकाठ, आपल्या वडिलांचे ते वाक्य वाचून गलबलून आले. आमच्या सासूबाई अगदी अशाच होत्या. सविस्तर रात्री लिहीन, आत्ता कुकर लावला आहे.

फोंड्याहून
गोव्यातील मंडळींनी एक गोष्ट निराळी लक्षात घ्यावी. आमच्याकडे पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेमुळे विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः पतिपत्नींची सामाईक होते आणि स्थावर विकताना दोघांचीही संमती लागते. माझ्या दिराने आखातातून भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवले, परंतु जाऊबाईंची सही त्यावर नव्हती. वडिलोपार्जित घराचा सगळा व्यवहार तेवढ्यासाठी अडला आणि ग्राहकाने बयाणा परत मागितला. जाऊबाईंचे म्हणणे असे की "घर तुमच्या घराण्याचे, मला कशाला विचारता?" त्यांना समजावण्यातच गणपती आले नि गेले.

हडसनपार
परदेशातून कागद पाठवणाऱ्यांसाठी लिहितो. भारतीय दूतावासातून साक्षांकन करून घ्या किंवा तेथील नोटरीपुढे सही करून अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) घ्या, आणि ज्या कार्यालयात वापरायचे तेथे यांपैकी काय चालते हे आधी विचारा. खरी मेख पुढे आहे. असे मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. धाकट्या भावाने आमचे पाकीट न उघडताच देव्हाऱ्याच्या खणात ठेवले होते, कारण "दादाचे महत्त्वाचे कागद" असे मी वर लिहिले होते. आठवण झाली तेव्हा मुदत सरत आली होती. कुरिअरची पावती आणि पाकीट टाकून देऊ नये, पोहोचल्याची तारीख दाखवायला तीच उपयोगी पडली.

कृष्णा_वेण्णा
बाबांनी चुलतभावाला सातबाऱ्याच्या कामांसाठी मुखत्यारपत्र दिले होते आणि मसुद्यात "विक्री करणे, गहाण ठेवणे" हे शब्द कोणी वाचलेच नाहीत. पुढे जमिनीला गिऱ्हाईक आल्याची कुणकुण लागली. वकिलांनी रद्दनामा नोंदवून घेतला, चुलतभावाला नोंदणीकृत टपालाने कळवले, तलाठ्याकडे आणि दुय्यम निबंधकांकडे प्रती दिल्या आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. नुसता कागद फाडून भागत नाही, कारण अधिकार काढून घेतल्याचे ज्या त्रयस्थाला ठाऊक नाही, त्याच्यापुरता तो रद्द होत नाही. नाते गेले ते गेलेच. फेरफाराला जायचे असेल तर फक्त तेवढ्याच कामाचे विशेष मुखत्यारपत्र द्यावे असे माझे मत झाले आहे.

निवृत्त_शाखाधिकारी
कृष्णा_वेण्णा, अगदी योग्य. शुल्काचीही भर घालतो. महाराष्ट्रात जवळच्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय स्थावर विकण्याचा अधिकार दिला तर मुद्रांक ५०० रुपयांचा आहे, पण तोच अधिकार परक्याला दिला तर खरेदीखताइतके शुल्क लागते.

ठाणे_पश्चिम
आम्हाला एक सदनिका नोंदणीकृत मुखत्यारपत्रावर "विकत" मिळत आहे आणि दलाल म्हणतात की खरेदीखताची गरज नाही. असे चालते का?

मुठाकाठ
चालत नाही. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे की अशा कागदाने मालकी मिळत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. कृपया थांबावे आणि दलाल बदलावा.

लीड्सची_लेक
इंग्लंडमध्ये २००५ च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टखाली लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी करता येते. ती ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियनकडे नोंदवावी लागते आणि माणसाचे भान हरपल्यानंतरही चालू राहते. पैशांची वेगळी, औषधोपचारांची वेगळी. येथे हे करून आम्ही निर्धास्त होतो, परंतु त्या कागदाच्या भरवशावर सासऱ्यांच्या दादरच्या खोलीचे काही करता येणार नाही, असे तेथील वकिलांनी कळवले. एकाच माणसाला एका देशात अधिकार आहे नि दुसऱ्यात नाही, हे सासऱ्यांना पटवून देणे मला अजून जमलेले नाही.

सोनचाफा
सासूबाईंचे आता लिहिते. त्यांच्या मुखत्यारपत्रावरून रुग्णालयात कृत्रिम श्वसनयंत्राबद्दल निर्णय घेता येईल असे यजमानांना वाटत होते. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणारा, हा स्वतंत्र कागद असतो, ज्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी करून न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर साक्षांकन पुरेसे ठरवले. आम्ही दोघांनी आपापले करून घेतले. मुलीने वाचले आणि म्हणाली, "आई, एवढे व्यवस्थित तू कधी किराणाही लिहीत नाहीस."

बारामतीकर
आजी अंथरुणाला खिळून आहेत, पण बुद्धी तल्लख आहे. त्यांना कार्यालयात कसे न्यावे?

कृष्णा_वेण्णा
नेऊ नये. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून गृहभेटीचा अर्ज करावा, दुय्यम निबंधक ठरावीक शुल्क घेऊन घरी येतात. मसुदा मराठीत करावा आणि आदल्या दिवशी आजींना सावकाश वाचून दाखवावा, कारण आमच्याकडे आलेल्या अधिकाऱ्यांनी सर्वांना खोलीबाहेर पाठवून "हे काय आहे?" असे आईलाच विचारले होते. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे यंत्रावर पटकन उमटत नाहीत, म्हणून जवळ एक ओले फडके ठेवावे.