डहाणूकडच्या छोट्या ब्रेदरन मंडळीचा इतिहास लिहायचाय, घराणी कशी जोडायची?

मोहननगरवाला
नमस्कार. मी नागपूरचा, जन्म इथलाच, पण आमचं मूळ डहाणूच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातलं. आजोबा रेल्वेत लागले आणि इकडचेच झाले. त्या खेड्यात ब्रेदरन मिशनची छोटीशी मंडळी होती, पंधरा-वीस घरं असतील, चर्च म्हणजे कौलारू खोली. आता तिथले म्हातारे एकेक करून जाऊन राहिले, म्हणून वाटलं कोणीतरी लिहून ठेवावं. आजोबांची एक वही आहे माझ्याकडे, बाप्तिस्मे, लग्नं, कोणाच्या घरी प्रार्थना झाली असं सगळं, पण त्रोटक. वहीतल्या तारखा जन्माच्या धरल्या तर आजोबा त्यांच्या मोठ्या बहिणीपेक्षा मोठे निघतात, काही जणांच्या बापाचं नावच नाही, आणि १९७० नंतर वही एकदम बंद. इथल्या एका चर्चमध्ये विचारलं तर म्हणे ब्रेदरन म्हणजे ते पाळक नसणारे ना, तुमचा सीएनआयशी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) काय संबंध. कोणी पडलंय का या भानगडीत?

सदरचे काका
पहिले एक क्लिअर कर भाऊ, ब्रेदरन दोन आहेत अन दोघांचा एकमेकाशी काही संबंध नाही. तुला सांगितलं ते प्लिमथ ब्रेदरन, १८२०-३० च्या सुमारास डब्लिन अन प्लिमथकडं सुरू झालेले, पगारी पाळक नाही, दर रविवारी प्रभुभोजन. तुझे डहाणूवाले म्हणजे चर्च ऑफ द ब्रेदरन. ते निघाले जर्मनीतून, १७०८ ला श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर मॅक धरून आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला तिथून. १७१९ पासून पेनसिल्व्हेनियात गेले, बहुतेक शेतकरी, युद्धात जायचं नाही, शपथ घ्यायची नाही असे लोक. त्यांचेही पाळक कितीतरी वर्षं बिनपगारी, मंडळीतलाच एखादा शेतकरी निवडायचे, म्हणून लोकांचा गोंधळ होते. त्यांच्यातले विल्बर अन मेरी स्टोव्हर आणि बर्था रायन १८९४ ला मुंबईत उतरले, वलसाडला बस्तान बसवलं, मग अंकलेश्वर, व्यारा, आहवा, डहाणू, पालघर असं काम पसरलं.

घरच्या म्हाताऱ्यांना एवढंच विचार की बाप्तिस्म्यात कितीदा बुडवलं. गुडघ्यावर बसवून, पुढं वाकवून, पिता पुत्र पवित्र आत्म्याच्या नावानं तीन बुड्या, आणि प्रीतिभोजनाच्या रात्री एकमेकांचे पाय धुणं, मग सोबत जेवण, मग भाकर अन प्याला. हे असलं तर विषय संपला.

आता तारखा. आपल्या नागपुरात घराणी हिस्लॉपसाहेबाच्या स्कॉटिश मिशनची नाहीतर अँग्लिकन, तिथं तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, रजिस्टर म्हणजे जवळपास जन्मदाखलाच. ब्रेदरनमध्ये समज आल्यावर, स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा. तुझ्या आजोबांनी चौदाव्या वर्षी घेतला असंल अन बहिणीनं विसाव्या, झाला घोळ. ती जन्मतारीख नाहीच बाप्पा, त्यावरून वंशवेल काढू नको.

आणि १९७० चं कोडं तर तू राहतो त्याच गावात सुटते. २९ नोव्हेंबर १९७० ला इथं सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला सीएनआय स्थापन झालं, सहा चर्चेस एकत्र आली, त्यात चर्च ऑफ द ब्रेदरन इन इंडिया एक होतं. वही बंद पडली म्हणजे मंडळी बुडाली असं नाही, रजिस्टर बदललं असंल.

रेकॉर्डरूम
काकांनी बरंच सांगितलं, मी फक्त कागदांचं सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एल्गिनला त्यांचं मुख्यालय आहे, तिथंच जुन्या कागदपत्रांचं आर्काइव्ह. ‘मिशनरी व्हिजिटर’ म्हणून त्यांचं मासिक १९०२ पासून निघायचं, जुने अंक स्कॅन होऊन नेटवर फुकट आहेत, डहाणूच्या स्पेलिंगने सर्च मारा, वर्षाचा रिपोर्ट, फोटो, शाळेच्या बातम्या मिळतात. पण जपून वाचा. हे सगळं तिकडच्या देणगीदारांसाठी लिहिलेलं असायचं, त्यात गोऱ्या मिस साहेबाचं नाव पूर्ण आणि आपल्या माणसाचा उल्लेख “एक विश्वासू शिक्षक” एवढाच. आकड्यांचंही तसंच, मेंबर म्हणजे फक्त बाप्तिस्मा घेतलेले, पोरंसोरं त्यात नाहीत, त्यामुळे रिपोर्टात २५ दिसले तरी रविवारी खोलीत त्याच्या दुप्पट माणसं बसत असतील. मला विचाराल तर इतिहास घराण्यांकडूनच लिहावा, मिशनरी कोण कधी आला कधी गेला हे परिशिष्टात टाकलं तरी चालतं.

सूर्याकाठची
माझं सासर पालघरकडचं, याच मंडळीतलं, म्हणून लिहितेय. बापाचं नाव नाही म्हणून लगेच काहीबाही अर्थ काढू नका. १८९९-१९०० चा तो मोठा दुष्काळ, गुजरातीत छप्पनियो म्हणतात, त्यात अनाथ झालेली कितीतरी मुलं मिशनने सांभाळली. अशा मुलाच्या बापाचं नाव माहीत नसेल तर रकाना कोराच राहणार, आणि वय अंदाजे लिहिलेलं. पुढे ही मुलं मोठी झाली, काही शिक्षक झाली, त्यांची आपापसात लग्नं लागली. म्हणून आमच्याकडे दोन घराणी जोडायची तर बापाकडून जाऊन उपयोग नसतो, बोर्डिंगला कोण कोणासोबत होतं आणि लग्न कोणी जमवलं हे विचारावं लागतं आणि ते बायकांनाच ठाऊक असतं. पुरुष लोक फक्त कमिटीत कोण होतं ते सांगतात 😄

आणखी एक, मिशनच्या कामात गुजराती आणि मराठी असे दोन डिस्ट्रिक्ट होते. त्यात १९६० ला राज्यं वेगळी झाली, उंबरगाव तिकडे गेलं आणि डहाणू इकडे राहिलं, त्यामुळे एकाच कुटुंबाच्या दोन शाखा दोन राज्यांत, एकीच्या घरात मराठी बायबल तर दुसरीकडे गुजराती. उंबरगाव, वलसाडलाही विचारा, नाहीतर अर्धी घराणी सुटतील. आणि वहीत जातीचा, मूळ जमातीचा उल्लेख असेल तर तो इथे किंवा फेसबुकवर टाकू नका प्लीज, त्यांची नातवंडं हयात आहेत, त्यांना विचारल्याशिवाय नको.

रेकॉर्डरूम
ताईंच्या मुद्द्याला जोडून. कागद मागायला गेलात की लोक सावध होतील, वाईट वाटून घेऊ नका. सीएनआयमध्ये विलीनीकरण झालं पण गुजरातेत काहींना ते मान्य नव्हतं, मिळकतीवरून केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २०१३ ला कोर्टाने फर्स्ट डिस्ट्रिक्ट ब्रेदरनच्या, म्हणजे त्या गुजराती डिस्ट्रिक्टच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे नुसता एकत्र यायचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मालमत्ता आपोआप तिकडे जात नाही. इतकी वर्षं जुनं मिनिट बुक म्हणजे कोर्टातला पुरावा होता, ते कोण अनोळखी माणसाच्या हातात देईल. आधी फोटो घेऊन जा, लग्नाचे, शाळेचे. फोटोवर लोक तास तास बोलतात, जमिनीचा विषय तुम्ही काढू नका.

मोहननगरवाला
काका, आत्याला फोन लावला, तीन बुड्याच, आणि वर म्हणे पाय धुताना बायका बायकांचे आणि पुरुष पुरुषांचे, रांगेत बसवून. म्हणजे डहाणूवालेच. तारखांच्या पुढं मी आता “बाप्तिस्मा” लिहून राहिलो आणि जन्माचा कॉलम कोराच ठेवला. जातीचा कॉलम झाकूनच वहीचे फोटो काढले. सूर्याकाठची ताई, मी दिवाळीनंतर डहाणूला येतोय, तुमच्या सासूबाईंना भेटता येईल का?

सूर्याकाठची
या की. फक्त रविवारी सकाळी नको, आणि त्यांना कमी ऐकू येतं तर फोटो मोठे प्रिंट करून आणा, मोबाईलवर त्यांना काही दिसत नाही.