मदत हवी आहे: शनिवारी पावसात किनाऱ्याने खाली, क्राफ्ट बिअर आणि जेवण कुठे?

भरतीओहोटी
शनिवारी सकाळी गाडी काढतोय. पाऊस असला तरी जाणारच. कोकणातून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गोव्याच्या दिशेने उतरायचं, वाटेत चांगलं जेवायचं आणि एक-दोन ठिकाणी तिथेच बनवलेली ताजी बिअर प्यायची. मोठ्या कंपन्यांची बाटली नको. गूगलवर शोधलं की रिसॉर्टच्या जाहिरातीच येतात. मेहुणा खास यासाठी आलाय, सोमवारी त्याला परत जायचंय. नेमकी नावं आणि रस्ता सांगा, आज रात्री खोली बुक करायची आहे.

लालडबा
निघणार कुठून? अलिबागहून की रत्नागिरीहून? माणसं किती, गाडी कोणती, आणि मुख्य म्हणजे चालवणार कोण? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

हॉप्सवाला
क्राफ्ट बिअर प्यायची तर पुण्यात या. देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी (जिथे बिअर तिथेच बनवून देतात) एक, दूलालीची, २००९ मध्ये पुण्यातच निघाली. मुंढव्याला इंडिपेंडन्स आहे, तीही तसलीच. पावसात घाट उतरून गोव्याला जाण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

भरतीओहोटी
मेहुणा पुण्याचाच आहे, तिथलं सगळं पिऊन झालंय त्याचं. आम्ही रत्नागिरीहून निघतोय, घाटाचा प्रश्नच नाही. माणसं तीन. नावं सांगा ना कोणीतरी.

तेरेखोलकर
रत्नागिरी-सिंधुदुर्गात बार पुष्कळ, पण जागेवर बनवलेली बिअर मी तरी कुठे पाहिलेली नाही. त्यासाठी सीमा ओलांडावी लागेल. गोव्यात सांगोल्ड्याला गोवा ब्रूइंग कंपनी आहे, 'एट फिंगर एडी' ही बिअर त्यांचीच. तो कारखाना आहे, आत बघायला देतात का ते फोन करून विचारा. बिअर मात्र म्हापसा-कळंगुट पट्ट्यातल्या बऱ्याच ठिकाणी मिळते. पावसाळ्यात निम्मी रेस्टॉरंटं बंद असतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी फोन कराच.

काजूबोंडू
गोव्यात जाऊन बिअर कसली पिताय? फेणी प्या. काजूच्या फेणीला २००९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालं. मेहुण्याला कसं बनतं यात रस असेल तर कांदोळीला फेणीचं संग्रहालय आहे, तिथे न्या. उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, मात्र मागू नका, तो काजूच्या हंगामातला, मार्च ते मे. आता कोणी दिलाच तर जुना असणार.

हॉप्सवाला
फेणीचं विचारलेलंच नाही त्यांनी. आणि फेणीनंतर बिअरची चव काय कळणार?

काजूबोंडू
आधी बिअर, मग फेणी. एवढा क्रम पाळला की झालं.

सुक्याबांगड्याची_आस
जेवणाचं मी सांगते. रे बाबा, बंदीत ताजो मासो खंयचो? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. मेनूवर सुरमई-पापलेट दिसली तर ती बर्फातली समजा. खाडीची मासळी किंवा कुर्ल्या (खेकडे) आहेत का विचारा. नसतील तर कुडाळ-सावंतवाडीकडे साध्या खानावळीत सुक्या बांगड्याचं मागा. निखाऱ्यावर भाजतात, काटे काढून हाताने चुरतात, वरून बारीक कांदा, ओलं खोबरं, मिरची आणि कोकमाचं आगळ. सोबत उकड्या तांदळाची पेज. सुरमई थाळीच्या निम्म्या पैशात पोट भरतं आणि पावसाच्या दिवसाचं खरं जेवण तेच आहे. कोंबडी-वडे कुठेही मिळतील, पण वडे आधी तळून ठेवलेत का ते बघून बसा.

घाटमाथा
येताना आंबोली करा. धबधबा ऐन भरात असतो.

लालडबा
जुलैतल्या रविवारी आंबोली? गाड्यांच्या रांगेत दिवस जाईल. आणि यांना रत्नागिरीला परतायचंय, आंबोली वाटेत कुठे येते? भरतीओहोटी, गाडी कोण चालवणार हे अजून सांगितलेलं नाहीत.

भरतीओहोटी
गाडी बाबा चालवणार. ते पीत नाहीत. वय ६८, अजून रोज चालवतात. रस्ता पावस, आडिवरे, जैतापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ला असा धरलाय. संध्याकाळपर्यंत गोवा.

तेरेखोलकर
एका दिवसात नाही होणार. पावसात त्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या माळांवर, धुकं बसतं, समोरच्या गाडीचा दिवा अगदी जवळ आल्यावर दिसतो. वळणं आंधळी, कडेला जांभ्याचा गडगा, साइडपट्टी वाहून गेलेली. तुम्ही दोघं मजेत आणि ६८ वर्षांचा माणूस दिवसभर काच पुसत बसणार, हे मला पटत नाही. हातखंब्याला महामार्ग धरा. म्हापसा दोनशे किलोमीटरच्या आसपास पडेल. किनारा बघायचाच तर कुडाळहून वेंगुर्ला, शिरोडा, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून गोव्यातल्या पेडण्यात उतरा. तेवढा तुकडा उजेडात निवांत होतो.

वारीचा_वाटसरू
रविवारी आषाढी एकादशी आहे, महाराष्ट्रात ड्राय डे. कोणीच कसं सांगितलं नाही? बाबांचा उपवास असेल तर त्यांचं काय?

भरतीओहोटी
उपवास असतोच त्यांचा, कडक. म्हणजे शनिवारीच काय ते गोव्यात उरकून रात्री सावंतवाडीला येऊन झोपायचं का?

लालडबा
रात्री परत नको. म्हापशातच राहा, गाडी हॉटेलवर लावा आणि संध्याकाळी टॅक्सीने फिरा. बाबांनाही आराम मिळेल. 'एकच ग्लास घेतलाय' म्हणून तुम्ही स्टिअरिंगला हात लावू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पण दंडाचं सोडा, ओल्या रस्त्यावर म्हशी बसलेल्या असतात.

हॉप्सवाला
मेहुण्याला सांगा, चार-पाच बाटल्या घेऊन ये. आम्हीही चाखू.

तेरेखोलकर
असले सल्ले देऊ नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. सीमेजवळ इन्सुलीला तपासणी होते. गाडी अडकली तर उपाशी माणसाला तिथे बसवून ठेवणार का?

भरतीओहोटी
ठरलं. सकाळी सहाला महामार्गाने निघतो, कुडाळला जेवण, शिरोड्यावरून पेडणे, रात्री म्हापसा. खोली मिळाली, पार्किंग आहे. बाटल्या आणणार नाही. संग्रहालय मेहुण्याला आवडलंय, तेही करतो. आता एकच, रविवारी परतताना बाबांच्या फराळाचं काय? हॉटेलच्या खिचडीत काय पडेल याची त्यांना खात्री नसते.

सुक्याबांगड्याची_आस
वरीचे तांदूळ आणि दाण्याचं कूट घरून घ्या, हॉटेलवाल्याला ते फक्त स्वच्छ भांड्यात शिजवून द्यायला सांगा. राजगिऱ्याचे लाडू डब्यात ठेवा, दमट हवेत कागदात मऊ पडतात. केळी वाटेत बांदा गावात घ्या. आणि निघण्यापूर्वी बाबांना चहा-दूध द्या, ते उपवास म्हणून पाणीसुद्धा पुढे ढकलत बसतील.

घाटमाथा
वायपरची रबरं बदलली का? आंबोलीला गेलात तर लागतीलच.