मदत हवी आहे: घर आजोबांचं, पण सातबाऱ्यावर सरकार! जागा नावावर कशी होईल?

खाडीकाठचा बाबू
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात खाडीच्या काठाला आमची वाडी आहे. घर आजोबांनी बांधलेलं, चिरेबंदी, कौलारू, घरपट्टी आणि लाइट बिल आधी आजोबांच्या आणि मग वडिलांच्या नावावर, त्यामुळे जागा आपलीच असं घरात सगळे धरून चालले होते. आता भाऊ म्हणतो मागची पडवी काढून होमस्टेच्या खोल्या बांधूया, म्हणून बँकेत गेलो तर त्यांनी सातबारा मागितला आणि तो काढला तर त्यावर चक्क ‘सरकार’! खालच्या गावठाणात ड्रोनची मोजणी होऊन लोकांना सनदा मिळाल्या, आमच्या वाडीकडे कोण फिरकलंच नाही. तालुक्याला एकजण भेटला तो म्हणतो पैसे सोडा, महिन्यात नाव चढवून देतो. आई म्हणते देऊन टाक, मला काय ते पटत नाहीय. इतकी वर्षं घरपट्टी भरतोय त्याला काहीच किंमत नाही का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

चाकरमानी
त्या माणसाला एक रुपया देऊ नको बाबू. सरकारी जागेवर खाजगी नाव लागायला सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आदेशाशिवाय फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) झालाच तर उद्या कोणीतरी तक्रार करतो आणि तो रद्द होतो, पैसे गेले ते गेले.

रिटायर सर्कल
बाबू, शांतपणे वाच, जरा लांबण लागेल.

घरपट्टी ही घरावरची पट्टी, जागेवरची नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची वही, तिच्यावर मालकी ठरत नाही. पण ती फुकट गेली असंही नाही, तुम्ही तिथे कधीपासून राहताय याचा तो सगळ्यात चांगला पुरावा आहे, ते पुढे येतंच.

ड्रोनवाली ती स्वामित्व योजना, २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेली. ती गावठाणाच्या हद्दीतल्या घरांसाठी आहे. तुमची वाडी हद्दीच्या बाहेर असणार म्हणून ड्रोन आलं नाही, कोकणात तर अर्ध्या वाड्या गावठाणाबाहेरच असतात, त्यात तुमच्यावर कोणाचा राग वगैरे काही नाही.

आता मुद्द्याचं. नुसतं ‘सरकार’ लिहिलंय एवढ्यावर काही ठरत नाही, सरकारी म्हणजे कसली सरकारी? सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना बघा, तिथे गुरचरण, वन असलं काही लिहिलंय का. शिवाय जुने फेरफार काढा, कधीकधी जागा पूर्वी कोणा खोताची वा कुळाची असते आणि मध्येच सरकारजमा झालेली दिसते, तसं असेल तर गोष्टच वेगळी.

गुरचरण निघालं तर वाट कठीण आहे. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या केसमध्ये २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टाने गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं सगळ्या राज्यांना सांगितलं, तेव्हापासून अधिकारी गुरचरणाच्या फाइलीला हात लावायला कचरतात. वन असेल तर महसूल खात्याच्या हातातच ते राहत नाही.

साधी सरकारी पड निघाली तर मात्र रस्ता आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम ५१. त्यात अतिक्रमणदाराने स्वतः विनंती केली तर जिल्हाधिकारी जागा त्याला देऊ शकतात, जागेच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत रक्कम घेऊन. आधी जाहीर नोटीस निघते, हरकती ऐकतात. आणि ग्रामीण भागातल्या राहत्या घरांची अतिक्रमणं नियमानुकूल, म्हणजे कायदेशीर करण्यासाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे, त्यात १ जानेवारी २०११ ही कटऑफ तारीख. तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं आहे, फक्त ते कागदावर दाखवता आलं पाहिजे.

खाडीकाठचा बाबू
बापरे, काका खूप खूप आभार. इतर हक्कात काही नाही, रकाना कोरा आहे! पुराव्याचं म्हणाल तर निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हाचा पंचनामा आहे वडिलांच्या नावाने, तो चालेल ना?

रिटायर सर्कल
तो २०२० चा, कटऑफच्या नंतरचा. जोडा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. ट्रंक उघडा! घरपट्टीच्या जुन्या पावत्या, त्या पिवळ्या पडलेल्या, कोपरा वाळवीने खाल्लेल्या, शिक्का पुसट झाला तरी चालेल, साल दिसलं पाहिजे. त्या वेळची मतदार यादी, लाइट जोडणीचा कागद, आणि ग्रामपंचायतीकडे जुन्या नमुना ८ ची नक्कल मागा. तोंडी मागून मिळत नसेल तर माहिती अधिकारात.

वकीलताई
काकांचं बरोबर आहे, एक भर घालते. बरेच जण सल्ला देतात की तीस वर्षं झाली, कोर्टात प्रतिकूल कब्जा, म्हणजे दीर्घ कब्जामुळे जागा आमची झाली, असं सांगा. लिमिटेशन अॅक्टमध्ये सरकारसाठी ३० वर्षं आहेत हे खरं, पण नुसतं राहून भागत नाही, मालकाविरुद्ध उघडपणे हक्क सांगत राहिलो हे सिद्ध करावं लागतं, आणि सरकारी जमिनीवर कोर्ट हे सहजी मान्य करत नाही. शिवाय नियमानुकूल करून द्या असा अर्ज टाकलात की मालक सरकार आहे हे तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये अर्जाचाच रस्ता धरा, दावा लावलात तर नातवंडं तारखा घेतील.

आणि होमस्टेचं जरा थांबवा. खाडीला लागून आहात म्हणजे सीआरझेडचा, किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचा, प्रश्न येणार. सीआरझेड मालकी ठरवत नाही, बांधकाम ठरवतं, म्हणजे उद्या जागा नावावर झाली तरी खोल्या काढायला वेगळी परवानगी लागेल. भरतीरेषेपासून घर किती अंतरावर येतं ते नकाशावर बघून घ्या. अर्जही राहत्या घरासाठी करताय, त्यात होमस्टेचा ‘हो’ सुद्धा लिहू नका आणि तोवर नवीन चिरा लावू नका. अर्ज चालू असताना बांधकाम वाढवलेलं दिसलं की फाइल तिथेच अडकते.

चाकरमानी
बाबू, घरातलं कोण ग्रामपंचायतीत निवडून आलेलं नाही ना? सरकारी जागेवर अतिक्रमण असलं की सदस्यत्व जातं, आणि घरातल्यांचं असलं तरी पद धोक्यात येतं. विरोधी पार्टी हेच शोधत असते.

खाडीकाठचा बाबू
अरे देवा, चुलतभाऊ सदस्य आहे 😄 पण त्याची चूल आणि घर वेगळं, त्याला आधी विचारतो. अजून एक, वडिलांच्या नावावरची घरपट्टी हल्ली बदलून आत्याच्या नावावर लागलीय, ती मुंबईत असते, अर्ज कोणी करायचा?

वकीलताई
तिथे राहणाऱ्याने, म्हणजे तुमच्या वडिलांनी. पण आत्याचं संमतीपत्र आधी घ्या, नोटरी करून, नाहीतर जाहीर नोटीस निघाल्यावर पहिली हरकत घरातूनच येईल. गणपतीला ती येईलच, तेव्हाच सही घ्या.

रिटायर सर्कल
अर्ज तहसील कार्यालयात द्या आणि आवक नंबर टाकलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका. जागा मिळाली तरी बहुतेक भोगवटादार वर्ग २ म्हणून मिळेल, मग विकताना परवानगी लागते, बँकेलाही हे आधीच सांगून ठेवा. मोजणी भूमी अभिलेखकडे लगेच भरून टाका, तिचा नंबर यायलाच वेळ लागतो.