मदत हवी आहे: क्यू असलेले, पण यू नसलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द (अर्थासकट!)

चकलीचा_साचा:
मंडळी, नमस्कार. दर रविवारी जेवणं उरकली की आमच्याकडे स्क्रॅबल (अक्षरांचे ठोकळे पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) बसतं. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७४, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं, पटावर दयामाया शून्य.

माझं दुखणं म्हणजे क्यूचा ठोकळा. १०० ठोकळ्यांत क्यू एकच आणि यू चार, पण माझ्या हाती क्यू येईपर्यंत चारही यू कुठेतरी खपलेले असतात. गेल्या रविवारी मी हुशारीने 'कतार' लावलं, देशाचं नाव. "अगं, विशेषनाम चालत नाही," सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. डाव संपला तेव्हा क्यू हातातच. माझे १० गुण गेले आणि डाव त्यांनी संपवल्यामुळे तेच १० त्यांना मिळाले. मी हरले १४ गुणांनी. करा हिशेब.

दोन अक्षरी क्यू-आय मला माहीत आहे (चिनी विचारातली जीवनशक्ती), पण त्या जागा सासूबाई आधीच बुजवून टाकतात. म्हणून पाच अक्षरी हवेत. आणि अर्थ हवाच, कारण घरचा नियम असा की विचारल्यावर अर्थ सांगता आला नाही तर शब्द बाद. आम्ही कॉलिन्स शब्दकोशाची स्क्रॅबलवाली यादी मानतो.

शेंगदाणा_कूट:
क्विक, क्वाएट, इक्वल, स्क्वॉड. घ्या, चार झाले.

चकलीचा_साचा:
शेंगदाणा, चारही शब्दांत यू आहे हो. शीर्षक तरी वाचा!

निवांत_काका:
ताई, पाठांतराच्या भानगडीत पडू नका, यातले निम्मे शब्द तुम्हाला आधीच येतात. अरबीत घशातून उच्चारायचं एक अक्षर आहे, काफ. ते इंग्रजीत लिहिताना बऱ्याचदा क्यू वापरतात आणि तिथे पाठोपाठ यू लागत नाही. आपल्या कलम, कर्ज, किल्ला, हक्क, तालुका यांतला क मुळात तोच. (हे शब्द क्यू घालून पटावर लावू नका, तसे यादीत नाहीत.) पण पुढचे चालतात:

एफ-ए-क्यू-आय-आर, म्हणजे फकीर. मूळ अर्थ गरीब. साधे १७ गुण. हाच शब्द के घालूनही चालतो, म्हणजे क्यू नसेल तेव्हाही कामाचा.
टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. १४ गुण. क्यू शेवटी येतो, त्यामुळे पटावर वेगळ्याच जागा उघडतात.
एन-आय-क्यू-ए-बी, नकाब. डोळे सोडून चेहरा झाकणारं वस्त्र. १६.
क्यू-आय-बी-एल-ए, किब्ला. नमाजाच्या वेळी तोंड करायची काबाची दिशा. १६.
क्यू-ओ-आर-एम-ए, कोर्मा. हो, आपण हॉटेलात मागवतो तोच. तोही १६.

मधली_सुट्टी:
काका, बुरखा राहिला ना!

निवांत_काका:
बी-यू-आर-क्यू-ए. चालतो, पण त्यात यू लागतो. यू असता तर ताईंनी धागा कशाला काढला असता?

कंदील:
माझ्याकडून एकच, पण अर्थ कायमचा लक्षात राहील. क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कनात नव्हे हं. डोंगराच्या पायथ्याचं भूजल हलक्या उताराच्या भुयारातून गावापर्यंत आणायची जुनी इराणी पद्धत. वर ठरावीक अंतरावर विहिरीसारखी भोकं असतात, त्यांतून माती काढायची आणि पुढे साफसफाई करायची. पंप नाही, काही नाही, पाणी नुसत्या उताराने येतं. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी याच जातकुळीतली, १७ व्या शतकात मलिक अंबरने करवलेली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडाराही त्यातलाच. सासूबाईंनी अर्थ विचारला तर थेट मलिक अंबरापासून सुरुवात करा.

आणखी एक, टी-आर-ए-एन-क्यू. गुंगीच्या औषधाच्या लांबलचक इंग्रजी नावाचं तोडलेलं रूप. ऐकायला भिकार आहे, पण चालतं.

मधली_सुट्टी:
पाच अक्षरी नाही, तरी सांगते. कव्वाली चालते! क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. सातही ठोकळे एकदम लावले तर २२ आणि वर बोनसचे ५०. फक्त पेटीतले दोन्ही डब्ल्यू तुमच्याकडे यायला हवेत. माझ्या हयातीत आलेले नाहीत.

शेंगदाणा_कूट:
शीर्षक वाचलं. माफी. क्यू-ए-आय-डी आणि क्यू-ओ-पी-एच या चार अक्षरींना शेवटी एस लावा, पाच झाले. पहिला उत्तर आफ्रिकेतला टोळीचा म्होरक्या, दुसरं हिब्रू लिपीतलं एक अक्षर.

चकलीचा_साचा:
शेंगदाणा, माफ केलं. एसची युक्ती भारी आहे.

रविवारचा वृत्तांत. क्यू आला, यू अर्थातच नव्हता. पटावर मोकळा टी दिसला आणि मी कनात लावलं. सासूबाईंनी अपेक्षेप्रमाणे अर्थ विचारला. मी मलिक अंबरापासून सुरू केलं, भुयारं, भोकं, उतार, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "छान हो," म्हणाल्या आणि माझ्या शब्दाला एस जोडून खाली स्वतःचा आडवा शब्द उतरवला. माझ्या कनातीचे १५ पण त्यांच्याच खात्यात.

आता झेडवाल्या शब्दांसाठी नवीन धागा काढू का इथेच विचारू?