मदत हवी आहे: पॉवर योगा सुरू केला, मनगट आणि खांदा कुरकुरायला लागलेत

त्रिमूर्तीनगरची_ताई

नमस्कार मंडळी. वय ४३, वजन ७० च्या आसपास, नोकरी दिवसभर खुर्चीत बसायची. लहानपणी बाबांसोबत रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात जायचे. पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन, शेवटी शवासन, आणि घरी येऊन पोहे. त्यामुळे आपल्याला योगासनं येतात हा माझा समज एकदम पक्का होता. तोच नडला.

फेब्रुवारीच्या शेवटी घराजवळच्या एका क्लासमध्ये पॉवर योगाच्या बॅचला नाव घातलं. म्हटलं, जिममध्ये लोखंड उचलण्यापेक्षा हे बरं, योगच तर आहे. पहिल्या दिवशी सरांनी सुरुवातीलाच सूर्यनमस्कार घेतले, ५ एका प्रकारचे आणि ५ दुसऱ्या. मधे थांबणं नाही. दुसऱ्या प्रकारात गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं उत्कटासन, मग वीरभद्रासन, पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्याच फेरीत नाकाच्या शेंड्यावरून घाम मॅटवर टपटपायला लागला. आसनं पुढेच होती, हा नुसता वॉर्मअप होता म्हणे! दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जाईना. लेकीने माझी वेणी घातली, फोटोही काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला.

ते दुखणं चार दिवसांत गेलं. पण आता तीन आठवडे झाले आणि वेगळंच सुरू आहे. उजव्या मनगटात, तळहात जिथे संपतो तिथे, वजन आलं की कळ येते. उजव्या खांद्यात पुढच्या बाजूला एक ठरावीक जागा आहे, बोट ठेवून दाखवू शकते. सर्वात जास्त दुखतं ते पालथं होऊन कोपरं वाकवत खाली जाताना. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बॉडी ओपन होत आहे, होऊ द्या." बॅचमध्ये ३० जण, त्यांचाही नाइलाज असेल.

तर विचारायचं हे की एवढं दुखणं चालतं का, की मी काही चुकीचं करून राहिली आहे? एका तासात ७०० कॅलरी जळतात असं बोर्डावर लिहिलंय, ते खरं का? आणि एप्रिल-मे मध्ये आपल्या नागपूरच्या उन्हात हे करावं की सोडावं?

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "पतंजलींनी स्थिरसुखमासनम् सांगितलं बाप्पा. तू तर धापा टाकून राहिली. ना स्थिर, ना सुख." त्यामुळे घरातून मदत नाही.

सावजीप्रेमी

ताई, पहिला प्रश्न, रात्री काय जेवता? मी असाच क्लास लावला होता. आदल्या रात्री दहा वाजता सावजी मटण आणि सकाळी सहाला उत्तानासन, म्हणजे उभं राहून कंबरेतून पार खाली वाकायचं. पुढचं लिहीत नाही. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास तरी जाऊ द्या, तेलतर्री असेल तर त्याहून जास्त. एवढंच माझं योगदान.

मैसूर_रिटर्न

मी सहा वर्षं अष्टांग विन्यास करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

पॉवर योगा ही फार जुनी गोष्ट नाही. मूळ आहे म्हैसूरच्या पट्टाभि जोइस यांचं अष्टांग विन्यास, त्यांचे गुरू कृष्णमाचार्य. त्यात आसनांचा क्रम ठरलेला, प्रत्येक हालचाल श्वासाला बांधलेली आणि दोन आसनांच्या मधे पुन्हा तोच विन्यास, म्हणजे पालथं होऊन खाली जायचं आणि वर यायचं. पहिली मालिका पूर्ण करायला दीड तास लागतो. अमेरिकेतले विद्यार्थी हे शिकून गेले. न्यू यॉर्कमध्ये बेरिल बेंडर बर्च आणि लॉस एंजेलिसमध्ये ब्रायन केस्ट यांनी आपापल्या परीने ते पॉवर योगा या नावाने शिकवायला सुरुवात केली. बर्च यांचं त्याच नावाचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. जिमला जाणाऱ्या लोकांना "योग म्हणजे नुसतं डोळे मिटून बसणं नाही" हे पटवायला ते नाव कामाला आलं. जोइसांना मात्र ते रुचलं नव्हतं.

म्हणजे तुमच्या बाबांच्या मंडळातलं आसन आणि हे, दोन्हींत नावं सारखी आहेत, काम वेगळं आहे. तिथे आसनात जाऊन निवांत थांबायचं, इथे फार तर पाच श्वास, की लगेच पुढचं. आणि अष्टांगासारखा ठरलेला क्रमही इथे नाही, शिकवणारा रोज आपल्या मनाने रचतो. त्यामुळे एकाच्या क्लासमध्ये झेपलं म्हणून दुसऱ्याकडे झेपेलच असं नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही ज्याला पालथं होऊन खाली जाणं म्हणता ते चतुरंग दंडासन. हिशेब करा. पहिल्या प्रकारच्या सूर्यनमस्कारात ते एकदा येतं, दुसऱ्या प्रकारात तीनदा. ५ आणि ५ म्हणजे वीस वेळा, तेही वॉर्मअपमध्ये! मराठीत सांगायचं तर हे आपले जोर आहेत. आखाड्यात नवीन आलेल्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी वीस जोर मारायला लावत नाही. तुम्हाला मात्र लावले, कारण पाटीवर "योग" लिहिलं होतं.

मी पैजेवर सांगतो, दोनपैकी एक चूक होत असणार. एक तर कोपरं बाहेर फाकतात. नाहीतर तुम्ही कोपरांच्या पातळीपेक्षा खाली जाता. खांदा कोपराच्या खाली उतरला की सगळा भार खांद्याच्या पुढच्या भागावर येतो, तुम्ही बोट ठेवता नेमका तिथेच. कोपरं बरगड्यांना लागून मागे जायला हवीत आणि दंड जमिनीला समांतर झाले की तिथेच थांबायचं. तेवढंही जमत नसेल तर गुडघे टेकवा. त्यात कमीपणा काही नाही.

हाडवैद्य_नाही_फिजिओ

वरच्या बहुतेक गोष्टींना अनुमोदन, "पैजेवर" वगळून. न बघता पैज लावू नये भाऊ.

ताई, दोन दुखणी वेगळी ओळखायला शिका. नवीन व्यायामानंतर स्नायू ठणकतात ते एक ते तीन दिवस, दोन्ही बाजूंना, आणि पसरून. वेणीवालं दुखणं ते होतं. एका बाजूला, बोट ठेवता येईल अशा जागी, ठरावीक हालचालीला कळ येते आणि दर वेळी थोडी वाढते, ते सांध्याचं किंवा स्नायुबंधाचं. त्याला "ओपन होणं" म्हणत नाहीत, त्याला आराम देतात.

मनगटाचं असं आहे की दिवसभर कीबोर्डवर ते फारसं वाकत नाही आणि इथे एकदम काटकोनात वाकवून त्यावर अंगाचं वजन टाकता. दहा दिवस हातांवर भार बंद. त्यानंतर टॉवेलची घट्ट गुंडाळी तळहाताच्या टाचेखाली ठेवा, बोटं खाली जमिनीवर, म्हणजे वाक कमी होतो. बोटं पसरा आणि तर्जनीच्या मुळाशी दाब द्या, सगळा भार टाचेवर ओतू नका. प्लँक, म्हणजे पालथं होऊन अंग फळीसारखं सरळ धरणं, करायचाच असेल तर कोपरांवर.

ताकद यायला स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. ओट्यावर हात, पाय मागे, शरीर सरळ, कोपरं अंगाला लावून छाती ओट्याकडे. दहा-दहाचे दोन सेट, एक दिवसाआड. दुखत असेल तर ओटाही नको, आधी भिंत. ओट्यावर सहज व्हायला लागलं की खालचं स्टूल, मग जमीन. महिना-दीड महिना द्या.

हाताला मुंग्या, सूज, रात्री दुखून जाग येणं, डबा उचलताना हात लुळा पडणं, यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आणि सगळ्यांसाठीच सांगते: बीपी जास्त असेल, काचबिंदू असेल, मणक्याची गादी सरकलेली असेल किंवा गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या बॅचला जाऊ नका. क्लासवाल्यांनी हे प्रवेशाच्या वेळी विचारायला हवं, बरेचसे फक्त फी विचारतात.

गणिताचा_मास्तर

७०० कॅलरींचं बघू. व्यायामाची तीव्रता मोजायला मेट नावाचं माप आहे. स्वस्थ बसणं म्हणजे १. साध्या हठयोगाला २.५ धरतात, पॉवर योगाला ४. मेट गुणिले वजन गुणिले तास. तुमचे ७० किलो, एक तास, म्हणजे २८० कॅलरी. अंबाझरी तलावावर बऱ्यापैकी वेगाने तासभर चाललात तर साधारण साडेतीन मेट, म्हणजे २४५. फरक एका केळ्याचाही नाही. बोर्डावरचा आकडा खोडरबरने पुसायच्या लायकीचा आहे.

त्रिमूर्तीनगरची_ताई

सर, मग एवढी दमते कशाने? चालून तर मी अशी मेल्यासारखी होत नाही!

मैसूर_रिटर्न

कारण चालताना मोठे स्नायू आळीपाळीने काम करतात आणि आळीपाळीने सुटतात. इथे मांडी, पोट, खांदे ताणून धरून ठेवायचे आणि वर पाच श्वास मोजायचे. हृदयाआधी हातच हरतात. वजन उतरवायला हे फार मोठं हत्यार नाही. ताकद, तोल आणि लवचीकपणा यांसाठी मात्र मस्त.

एक साधी खूण देतो. नाकाने, घशातून हलका आवाज करत लांब श्वास घ्यायचा, त्याला उज्जायी म्हणतात. तो आवाज तुटला, तोंड उघडून धाप लागली, की तुम्ही तुमच्या वेगापुढे गेलात. बाळासनात बसा, म्हणजे गुडघ्यांवर बसून कपाळ जमिनीला टेकवा. शेजारची पंचविशीतली मुलगी हवेत पाय करून उभी असली तरी.

धंतोलीचा_पाहुणा

हे सगळं ठीक, पण याला योग का म्हणायचं? कसरत म्हणा ना. यम-नियम नाही, ध्यान नाही.

मैसूर_रिटर्न

काका, औंधच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, सूर्यनमस्काराचा प्रचार केला तो व्यायाम म्हणूनच. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. महाराष्ट्रात कसरत आणि योग शेजारी शेजारीच वाढलेत. नावावरून वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, ताईंचं मनगट इथे दुखतंय.

कूलर_आणि_मी

उन्हाळ्याचं कोणी बोललंच नाही. बाहेरच्या देशात हॉट योगा म्हणून हीटर लावून खोली ४० अंशांवर नेतात आणि त्याचे पैसे घेतात. आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद केला की झालं. पारा ४५ च्या वर असताना सकाळी ७ नंतर असला व्यायाम नकोच. साडेपाचला सुरू करा, साडेसहाला संपवा. कूलर समोर लावू नका, हवा दमट होते, फरशी ओली होते आणि मॅट सरकते. मी तसाच प्लँकमधून तोंडावर आपटलो आहे. कूलर खिडकीत, समोरची खिडकी उघडी. घाम फार गेला तर ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट नाही. चक्कर, मळमळ, घाम अचानक थांबणं यातलं काही वाटलं तर तिथल्या तिथे बंद करा आणि सावलीत अंग ओलं करा.

त्रिमूर्तीनगरची_ताई

बारा दिवसांनी कळवतेय. दहा दिवस हातांवर भार टाकला नाही, मग लेकीला म्हटलं व्हिडिओ काढ. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला. बघितलं तर माझी कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी बाहेर, आणि छाती जवळजवळ जमिनीला! मैसूरवाले पैज जिंकले, दोन्ही चुका होत्या.

आता कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत ओट्यावर जोर मारते. मनगट शांत आहे. खांद्याची ती जागा अजून आहे, पण बोट शोधावं लागतं. क्लासमध्ये गुडघे टेकवले तर सर म्हणाले इफेक्ट येत नाही. मी शेवटच्या रांगेत गेले, तिथे माझ्यासारख्या अजून चौघी गुडघे टेकवून असतात. पहाटेची बॅच काढा असं आम्ही पाचही जणींनी मिळून सांगितलंय, अजून उत्तर नाही.

एक राहिलं. घामाने मॅट सरकते. बाबांनी आपली जुनी सुती सतरंजी काढून दिली, मॅटवर घाल म्हणाले. कोणी असं केलंय का, की ती अजूनच सरकेल?

हाडवैद्य_नाही_फिजिओ

सुती चालते, पण कोरडी असताना घसरते. सुरू करण्याआधी हात-पाय ठेवायच्या जागी थोडं पाणी शिंपडा.